ज्या वर्गात सगळे एकदम बोलतात

महाड-पोलादपूर भागातल्या कुठल्याही मराठी माध्यमाच्या हायस्कुलावरून शाळेच्या वेळेत गेलं, तर इंग्रजीचा तास रस्त्यावरूनही ओळखता येतो. इतिहासाच्या तासाला एकच आवाज बाहेर येतो, शिकवणाऱ्याचा. इंग्रजीच्या तासाला आधी एक आवाज येतो आणि त्याच्या पाठोपाठ पन्नास-साठ. बाई वाक्य म्हणतात, वर्ग तेच वाक्य परत म्हणतो. बाई पुन्हा म्हणतात, या वेळी जरा थांबून, एखाद्या शब्दावर जोर देऊन. वर्गही तसाच थांबतो आणि तसाच जोर देतो.

शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत या पद्धतीला फारसा मान नाही. घोकंपट्टी, पोपटपंची अशी नावं तिला मिळाली आहेत, आणि अर्थ न कळता नुसतं म्हणत राहिलं तर ती योग्यच आहेत. पण या सामूहिक म्हणण्यात एक मोठा गुण आहे, आणि तो ही पद्धत बंद पडल्यावरच नीट दिसला. साठ जण एकदम बोलतात तेव्हा कोणाचं चुकलं ते कोणालाच कळत नाही. शेवटच्या बाकावरच्या मुलीने ‘थर्स्डे’ तीनदा चुकीचा म्हटला आणि चौथ्यांदा शेजारणीचा ऐकून सुधारला, तर या सगळ्याची नोंद तिच्याशिवाय कुठेही राहत नाही. परकी भाषा पहिल्यांदा तोंडात घोळवायला अशी आडोशाची जागा लागते. मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या, इंग्रजीचा तास मोबाइलवर गेला, आणि सर्वांत आधी नाहीशी झाली ती ही जागा.

ऑनलाइन शिक्षणाच्या अडचणी म्हटल्या की रेंज, रिचार्ज आणि घरातला एकुलता एक मोबाइल यांची चर्चा होते. ती व्हायलाच हवी. या प्रकरणात मात्र त्यांच्या पलीकडची, खास इंग्रजीच्या शिक्षकाच्या वाट्याला आलेली अडचण समजून घ्यायची आहे. कारण रेंज आली तरी ती जात नाही.

त्यासाठी दासगाव डोळ्यांसमोर ठेवू. महाड तालुक्यातलं, सावित्रीच्या काठचं हे गाव एके काळचं बंदर. आज गावाला लागून मुंबई-गोवा महामार्ग जातो, कोकण रेल्वेचं वीर स्थानक जवळ आहे, महाडची औद्योगिक वसाहतही फार लांब नाही. घराघरांतली माणसं मुंबईला कामाला, काही आखातात. हे गाव जगापासून तुटलेलं आहे असं कोणी म्हणणार नाही. इंग्रजी अक्षरं इथे पावलोपावली दिसतात: कारखान्यांच्या पाट्यांवर, रसायनांच्या टँकरवर, औषधाच्या पाकिटावर, खताच्या गोणीवर, मोबाइलच्या पडद्यावर. कानावर मात्र इंग्रजी पडत नाही. बाजारात मराठी, मोहल्ल्यात कोकणी मुसलमानांची बोली, कातकरी वाडीवर कातकरी. दोन माणसं एकमेकांशी इंग्रजीत बोलताहेत, हे दृश्य इथल्या मुलाला शाळेबाहेर क्वचितच दिसतं. दादरच्या किंवा ठाण्याच्या मुलाला लोकलमध्ये, दुकानात, इमारतीच्या जिन्यात थोडी तरी इंग्रजी आपोआप ऐकू येते. दासगावच्या मुलासाठी ती खऱ्या अर्थाने परकी भाषा आहे, म्हणजे शाळेत शिकवली जाईल तेवढीच मिळणारी.

महाराष्ट्रात २००० साली, प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. त्याआधी ते पाचवीपासून असे. म्हणजे २०२० साली आठवी-नववीत असलेल्या मुलाच्या दप्तरात इंग्रजीचं पुस्तक सात-आठ वर्षं होतं. पुस्तक होतं, पण बोलायची वेळ किती मिळाली? ४० मिनिटांचा तास आणि ६० मुलांचा वर्ग धरा. शिक्षकाने स्वतः एक शब्दही न उच्चारता सगळा वेळ मुलांना वाटून दिला, तरी एकेकाच्या वाट्याला ४० सेकंद येतात. हजेरी, फळा, पाठाचं स्पष्टीकरण वजा केलं तर काही उरतच नाही. ६० मुलांना एकाच वेळी ४० मिनिटं बोलू द्यायचं, हा या गणितातून मराठी शाळांनी आपापला काढलेला मार्ग आहे. त्याला मागासलेपणाची खूण समजणाऱ्यांनी एवढा हिशोब एकदा करून पाहावा.

२०२०-२१ चं शैक्षणिक वर्ष १५ जूनच्या सुमारास सुरू व्हायचं होतं. त्याच्या बारा दिवस आधी, ३ जूनला, निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावरून रायगड जिल्ह्यात शिरलं. विजेचे खांब पडले, तारा तुटल्या, जिल्ह्याच्या दक्षिण भागात अनेक ठिकाणी दिवसचे दिवस वीज नव्हती. वीज नसली की मोबाइलचा मनोरा बॅटरी आणि डिझेल पुरेल तेवढाच वेळ चालतो. शाळा मोबाइलवर आणायची वेळ आली आणि त्याच वेळी मोबाइल चार्ज करायची सोय गेली, अशी ही सुरुवात.

भूगोलही सोयीचा नाही. मोबाइलची लहर साधारण सरळ रेषेत जाते; मधे डोंगर आला की त्याच्यामागे सावली पडते. सावित्री, काळ आणि गांधारी या नद्यांच्या खोऱ्यांत, रायगडाच्या घेऱ्यात, पोलादपूरच्या वर सह्याद्रीच्या उतारावरच्या वाड्यांत अशा सावल्या पुष्कळ. महामार्गालगत चित्रफीत चालते आणि दोन वळणं आत गेलं की साधा फोन लागत नाही. सिंधुदुर्गात पशुवैद्यकाचं शिक्षण घेणाऱ्या एका मुलीच्या भावांनी रेंज मिळते त्या डोंगरावर तिला झोपडी बांधून दिली, ही बातमी त्या पावसाळ्यात सगळीकडे गाजली. दहावीतल्या पोराने किंवा पोरीने रोज चार तासांसाठी डोंगर चढावा, ही अपेक्षा मात्र कोणी करू नये. ‘असर’ या सर्वेक्षणाने सप्टेंबर २०२० मध्ये देशाच्या ग्रामीण भागाची पाहणी केली. शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी ६१.८ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. दोन वर्षांपूर्वी हेच प्रमाण ३६.५ टक्के होतं. वाढ मोठी आहे. पण घरात फोन असणं आणि सकाळी दहा वाजता तो मुलाच्या हातात असणं यांत फरक आहे. वडील कामावर गेले की फोन कामावर जातो. घरी राहिलाच तर तीन भावंडांत वाटला जातो, आणि त्या वाटणीत दहावीतला मुलगा आधी, आठवीतली मुलगी नंतर, हे बऱ्याच घरांत न बोलता ठरतं.

केंद्राच्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचना १४ जुलै २०२० ला आल्या. नववी ते बारावीसाठी दिवसाला जास्तीत जास्त चार सत्रं, प्रत्येकी ३० ते ४५ मिनिटांची. त्या चारांत गणित, विज्ञान, मराठी, सामाजिक शास्त्रं सगळंच बसवायचं होतं. आता या सत्रांत इंग्रजीचं काय झालं ते जवळून पाहू. पुढचं सगळं रेंज उत्तम आहे असं गृहीत धरून लिहिलं आहे.

बाईंनी वाक्य म्हटलं. ते पलीकडे पोचायला थोडा वेळ लागतो, कोणाकडे कमी, कोणाकडे जास्त. मुलं ते परत म्हणतात. ते परतताना पुन्हा वेळ लागतो आणि प्रत्येकाचा आवाज वेगवेगळ्या क्षणी येऊन थडकतो. एकसूर होण्याऐवजी गलका होतो. त्यात ऑनलाइन तासासाठी वापरायच्या ॲपची रचनाच अशी की ते एका वेळी एका बोलणाऱ्याचा आवाज ठळक करायला पाहतं; प्रतिध्वनी आणि गोंगाट काढून टाकण्यासाठी बसवलेली यंत्रणा बाकीचे आवाज दाबते. कार्यालयाच्या बैठकीला हे ठीक आहे. पन्नास मुलांचा एकत्र आवाज मात्र या यंत्रणेच्या लेखी गोंगाटच ठरतो. म्हणून बाई सगळ्यांचे माइक बंद करायला सांगतात. मुलं घरी एकेकटी बंद माइकसमोर वाक्य म्हणतात, किंवा म्हणत नाहीत. बाईंना कळायला मार्ग नाही आणि मुलांना एकमेकांचा आधार नाही.

उरलेला पर्याय म्हणजे एकेकाला बोलवणं. इथे संवादाची एक बारीक गोष्ट आड येते. नेदरलँड्समधल्या मॅक्स प्लँक संस्थेच्या तान्या स्टिव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दहा वेगवेगळ्या भाषांतलं बोलणं मोजलं. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचा काळ सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आसपास निघाला. भाषा बदलली तरी फरक फार नव्हता. एवढ्या अरुंद फटीत आपण बोलायची पाळी घेतो, आणि उत्तर जरा जरी लांबलं तरी ऐकणाऱ्याला ते अडखळणं वाटतं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारसही आवाज एका बाजूने पोचायला १५० मिलिसेकंदांहून जास्त लागू नयेत अशी आहे. खेड्यातल्या मोबाइलवर ही मर्यादा सहज ओलांडली जाते. मग होतं असं की बाई प्रश्न विचारतात, मुलगी उत्तर देते, ते पोचायच्या आत बाईंना वाटतं हिला आलं नाही, म्हणून त्या प्रश्न पुन्हा विचारतात, आणि तो पुन्हा विचारलेला प्रश्न ऐकून मुलीला वाटतं आपलं चुकलं. ती गप्प होते. वर्गात हे घडत नाही, कारण तिचे हललेले ओठ बाईंना दिसलेले असतात.

ओठ दिसण्याचं महत्त्व इंग्रजीच्या तासाला आणखी वाढतं. हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडॉनल्ड यांनी १९७६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. चित्रात बोलणाऱ्याचे ओठ ‘गा’ म्हणत होते आणि आवाज ‘बा’चा जोडला होता. ऐकणाऱ्या बहुतेक प्रौढांना ऐकू आलं ‘दा’. कान आणि डोळे मिळून ऐकतात, याचा हा पुरावा. आता मराठी मुलाची अडचण पाहा. आपल्या एका ‘व’मध्ये इंग्रजीचे दोन आवाज येतात. ‘वेस्ट’ म्हणजे पश्चिम आणि ‘वेस्ट’ म्हणजे बनियन, हे दोन शब्द आपण सारखेच लिहितो आणि सारखेच म्हणतो. इंग्रजीत पहिल्यासाठी ओठांचा चंबू करतात, दुसऱ्यासाठी वरचे दात खालच्या ओठावर टेकवतात. वर्गातल्या बाई हा फरक दोन मिनिटांत दाखवतात: “माझ्या तोंडाकडे बघा.” मोबाइलवर, डेटा वाचवण्यासाठी कॅमेरा बंद ठेवलेला असताना, हे वाक्यच निरर्थक होतं. कॅमेरा चालू असला तरी सहा इंची पडद्यावर ओठांचं चित्र थबकत येतं आणि आवाजाशी जुळत नाही.

आवाजाचंही तसंच. जुन्या पद्धतीच्या टेलिफोनवरून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढ्याच पट्ट्यातला आवाज जातो. माणूस ओळखायला आणि निरोप समजायला तो पुरतो. पण ‘स’सारख्या घर्षक आवाजांची बरीच ताकद ४००० हर्ट्‌झच्या वर असते. म्हणूनच फोनवर ‘एस’ आणि ‘एफ’ यांची गल्लत होते आणि आपण ‘एस फॉर सातारा’ असं सांगत बसतो. इंटरनेटवरची ॲप याहून रुंद पट्टा पाठवू शकतात, पण जोडणी कमकुवत झाली की दर्जा उतरवतात, आणि शेवटी तो आवाज मोबाइलच्या नखाएवढ्या स्पीकरमधूनच बाहेर पडतो. इंग्रजीत अनेकवचनाचा, वर्तमानकाळी क्रियापदाचा, मालकीचा प्रत्यय हा असाच शब्दाच्या शेवटचा एक हलका ‘स’ किंवा ‘झ’. शिक्षक वर्षभर जो प्रत्यय समजावून सांगतात, तोच पोचत नाही. त्यात महाडचा पाऊस, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर. पत्र्याच्या छपरावर पाऊस कोसळायला लागला की त्याच्या आवाजात सगळ्यात आधी असे बारीक, घर्षणाचे आवाज बुडतात. स्वर ऐकू येतात, ‘स’ जातो. जून ते सप्टेंबर, म्हणजे नेमकं पहिलं सत्र.

गणिताचं उदाहरण छायाचित्र काढून पाठवता येतं, इतिहासाचा धडा ध्वनिफितीत सांगता येतो. दोन्हींचं थोडं नुकसान होतं, पण विषय तोच राहतो. इंग्रजीत मात्र उच्चार आणि उत्तर-प्रत्युत्तर हाच विषय आहे. म्हणून ऑनलाइन तासात सगळीकडे एकच गोष्ट घडली. इंग्रजी बोलायची भाषा राहिली नाही, ती पुन्हा लिहायची आणि भाषांतर करायची भाषा झाली. पाठाचं पान, खाली शब्दार्थ, खाली प्रश्नोत्तरं, वहीत उतरवून फोटो पाठवा. शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. माध्यमातून जे आरपार जात होतं तेच त्यांनी पाठवलं.

माणसांच्या बाजूनेही एक गोष्ट होती, आणि मला ती तांत्रिक अडचणीइतकीच जड वाटते. वर्गात इंग्रजी चुकलं तर ऐकणारी सगळी आपल्यासारखीच चुकणारी मुलं असतात. घरी दोन खोल्यांत मोबाइलसमोर इंग्रजी बोलायचं म्हणजे आजी, वडील आणि टाळेबंदीत गावी आलेले मुंबईचे काका यांच्यादेखत बोलायचं. त्या वर्षी चाकरमानी मोठ्या संख्येने गावी परतले होते आणि त्यांची इंग्रजी माध्यमात शिकणारी मुलंही सोबत होती. चुलतभाऊ शेजारी बसून आपल्या शाळेच्या तासाला फडाफडा बोलतो आहे आणि आपल्याला एक वाक्य जुळवायचं आहे, अशा वेळी तेरा-चौदा वर्षांचं पोर माइक उघडणार नाही. “बाई, आवाज येत नाही,” हे उत्तर पुष्कळदा खरं होतं. पुष्कळदा तो तेवढ्यापुरता शोधलेला आडोसाही होता.

शिक्षकांचंही तेच झालं. माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवणारे अनेक जण स्वतः मराठी माध्यमातून आलेले. चार भिंतींच्या आत ते आत्मविश्वासाने शिकवतात, मराठी-इंग्रजीची सांगड घालतात, आणि ती सांगड मुलांच्या फार उपयोगाची असते. आता त्यांचा तास पालकांच्या कानावर जात होता, ध्वनिमुद्रित होत होता, पुढे पाठवला जात होता. एखादा शब्दोच्चार डळमळीत वाटला की शिक्षक तो टाळतात, मराठीचा आधार घ्यायला कचरतात, तयार चित्रफितीची लिंक पाठवतात. राज्यात माध्यमिक शाळांच्या इंग्रजी शिक्षकांसाठी ‘एलिस’ आणि नंतर ‘चेस’ असे उपक्रम राबवले गेले होते. बोलतं करणारे खेळ, जोडीने संवाद, गटकार्य यांवर त्यांचा भर. हे सगळं एका खोलीत बसलेल्या मुलांना धरून आखलेलं. ऑनलाइन तासाला शेजारचा बाकच नसतो, मग जोडी कोणाशी लावणार?

या भागाच्या इतिहासात वर्गाबाहेर बसून इंग्रजी शिकण्याचा एक प्रसंग आहे, आणि तो इथे सांगायलाच हवा. रामचंद्र बाबाजी मोरे, पुढे कॉम्रेड आर. बी. मोरे म्हणून ओळखले गेलेले, १९०३ मध्ये महाडजवळच्या लाडवलीत जन्मले. त्यांचं बालपण दासगावशी जोडलेलं. वयाच्या अकराव्या वर्षी त्यांनी शिष्यवृत्तीची परीक्षा दिली आणि ते उत्तीर्ण झाले. पुढे शिकायचं तर महाडची इंग्रजी शाळा. तिथे अस्पृश्य म्हणून त्यांना प्रवेश नाकारण्यात आला. त्या मुलाने वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, बभ्रा झाला आणि प्रवेश मिळाला. पण बसायची जागा इतर मुलांपासून वेगळी. हेच मोरे पुढे १९ आणि २० मार्च १९२७ ची महाडची परिषद घडवून आणणाऱ्यांत आघाडीवर होते. त्याच वर्षी २५ डिसेंबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर सत्याग्रहासाठी मुंबईहून बोटीने आले, ते दासगावच्याच बंदरात उतरले आणि तिथून महाडला गेले.

साथीने आलेला दुरावा आणि माणसांनी जाणूनबुजून लादलेला दुरावा यांची तुलना होऊ शकत नाही, आणि मी ती करत नाही. पण मोऱ्यांच्या लढ्याचा अर्थ मला शिक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाचा वाटतो. शिक्षकाचा आवाज वेगळ्या जागेवरही ऐकू येतो. त्यांची मागणी त्या आवाजापुरती नव्हती, वर्गात बरोबरीने असण्याची होती. ऑनलाइन शिक्षणाचं मोजमाप करताना आपण ‘किती मुलांपर्यंत पोचलं’ एवढंच विचारत राहिलो. पोचलेल्यांपैकी किती मुलांना तासात बोलता आलं, हा आकडा कुणी मागितला नाही.

आवाज दुरून पोचवण्याचे प्रयत्न जुने आहेत. बीबीसीने १९४३ मध्ये रेडिओवरून इंग्रजीचे धडे सुरू केले आणि ते जगभर ऐकले गेले. आपल्याकडे २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका लागली. ती पहिली ते आठवीसाठी होती. बालभारतीच्या पुस्तकांतल्या क्यूआर कोडवरून ‘दीक्षा’ ॲपवरचं साहित्य उघडता येत होतं. पाठ्यपुस्तकात असे कोड घालण्याची कल्पना परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी आधी राबवून दाखवली होती, आणि त्यांना डिसेंबर २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. हे सगळं उपयोगाचं होतं. पण सगळं एका दिशेने जाणारं. इंग्रजी ऐकायला मिळालं, बोललेलं ऐकून घेणारं कोणी नव्हतं.

त्या काळातला मला सर्वांत पटलेला प्रयोग पालघर जिल्ह्यातला. जव्हार-मोखाडा भागात दिगंत स्वराज फाउंडेशनने ‘बोलकी शाळा’ चालवली: वाडीवर एक स्पीकर, त्यातून धडा, समोर अंतर ठेवून बसलेली मुलं. तंत्र अगदी साधं. पण मुलं एकत्र बसलेली, म्हणजे एकत्र म्हणायची सोय परत आलेली. स्पीकरवर वाक्य येतं आणि दहा मुलं ते एकदम म्हणतात. नव्या मोबाइलला जे जमलं नाही ते लाउडस्पीकरला जमलं, आणि त्यातून एक व्यावहारिक गोष्ट शिकता येते: साठ घरांत साठ पडदे उघडण्यापेक्षा एका वाडीवर सहा-सात मुलांनी एका फोनभोवती बसणं इंग्रजीसाठी अधिक चांगलं.

दुसरा उपाय शिक्षकांना व्हॉट्सॲपने हाताशी दिला. थेट तास जमेना तेव्हा अनेकांनी मुलांना आवाजी संदेश पाठवायला सांगितलं. पाच वाक्यं बोल आणि पाठव. मिनिटभराचा असा संदेश एक एमबीच्या कितीतरी आत बसतो. रेंज आली की आपोआप जातो, रात्री जातो, डोंगराच्या अलीकडे आल्यावर जातो. उशीर झाला तर बिघडत नाही. मुख्य म्हणजे पाठवण्याआधी मुलाला आपला आवाज ऐकता येतो, नको तो पुसता येतो, पुन्हा बोलता येतं. न्हाणीघराच्या मागे, गोठ्यात, काजूच्या झाडाखाली, घरच्यांच्या कानाआड. वर्गातल्या सामूहिक आवाजाने जो आडोसा दिला होता तो इथे वेगळ्या रूपात मिळतो. आणि वर्गाने कधी दिली नव्हती अशी एक गोष्टही मिळते. साठातल्या प्रत्येक मुलाचा सुटा आवाज शिक्षकाच्या कानापर्यंत पोचतो. एरवी ४० सेकंदांच्या हिशोबात न बसणारी, वर्षभर तोंड न उघडणारी मुलगी इथे दीड मिनिट बोलते.

याची किंमत शिक्षकाला मोजावी लागते, आणि ती मोठी आहे. साठ मुलांचे मिनिटभराचे संदेश म्हणजे नुसतं ऐकायलाच एक तास. एकेकाला दोन वाक्यं उत्तर द्यायचं तर दोन तास. असे दोन-तीन वर्ग. हे काम वेळापत्रकात दिसत नाही. रात्री जेवण उरकून कानात इअरफोन घालून बसलेल्या बाई कुठल्याही अहवालात मोजल्या गेल्या नाहीत. तरीही ज्यांनी हे केलं त्यांनी एक युक्ती काढली: सगळे संदेश ऐकायचे, उत्तर सगळ्यांना एकच द्यायचं. या आठवड्यात ‘शी गोज’मधला शेवटचा ‘झ’ राहून जातोय, ऐका, असा म्हणा. कोणाचंही नाव न घेता. चूक पुन्हा साऱ्या वर्गाची होते आणि लाज वाटायचं कारण राहत नाही.

२०२१ च्या पावसाळ्यात हेही थांबलं. २२ जुलैला सावित्री आणि गांधारीचं पाणी महाड शहरात शिरलं, त्याच संध्याकाळी तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते यांवर दरडी आल्या होत्या. त्या पाहिलेल्यांच्या मनात तो पाऊस पुन्हा उभा राहिला. फोन बंद, वीज बंद, पुस्तकं चिखलात. त्याच्या सहाच दिवस आधी दहावीचा निकाल लागला होता: परीक्षा न होता, अंतर्गत मूल्यमापनावर, राज्यात ९९.९५ टक्के. त्या आकड्याचा आनंद मुलांना लाभू द्यावा, पण इंग्रजी बोलता येण्याबद्दल तो काहीच सांगत नाही. ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या शाळा ४ ऑक्टोबर २०२१ पासून पुन्हा भरू लागल्या. शिक्षक समोर आले, पण तोंडावर मास्क. “माझ्या तोंडाकडे बघा” हे वाक्य आणखी काही महिने लांबणीवर पडलं.

साथ गेली म्हणून हा विषय संपत नाही. महाड-पोलादपुरात पूर आणि अतिवृष्टीमुळे शाळा बंद राहण्याचे दिवस येतच राहणार, आणि तेव्हा पुन्हा मोबाइलच हाताशी असणार. त्याची तयारी जूनमध्ये, शाळा भरलेली असताना करता येते. कोणत्या वाडीवर कोणाचा फोन दिवसा घरी असतो, त्याच्याभोवती कोणती पाच-सहा मुलं चालत येऊ शकतात, याची यादी इंग्रजीच्या शिक्षकाकडे असावी. आवाजी संदेशाची सवय वर्ग चालू असतानाच लावावी. पंधरवड्याला एक, पाच वाक्यांचा. सगळ्या वर्गांचे एकदम मागवू नयेत, तुकड्यांना आळीपाळीने द्यावेत. ते ऐकण्याचा वेळ मुख्याध्यापकांनी शिक्षकाच्या कामात धरावा, नाहीतर हा उपक्रम दोन महिन्यांत बंद पडेल.

दहावीच्या इंग्रजीत ८० गुण लेखी आणि २० गुण बोलण्या-ऐकण्याचे आहेत. २०१९ मध्ये भाषांचे हे अंतर्गत गुण काढले होते, राज्याचा निकाल ७७.१० टक्क्यांवर आला आणि पुढच्या वर्षी ते परत दिले गेले. पुष्कळ शाळांत हे २० गुण वर्षअखेरीस एका दिवसात, एका मुलाला दोन-तीन मिनिटं देऊन उरकले जातात. वर्षभरात जमलेले पंधरा-वीस आवाजी संदेश समोर असतील, तर जून महिन्यातलं मूल आणि फेब्रुवारीतलं मूल शिक्षकाला एकापाठोपाठ ऐकता येईल. गुण त्या फरकाला द्यावेत, असं माझं मत आहे. इंग्रजी जिथे शाळेबाहेर ऐकूच येत नाही, तिथल्या मुलाने आठ महिन्यांत किती अंतर कापलं, हे त्यातून कळतं. तोंडी परीक्षेच्या दिवशी घाबरून गप्प बसलेल्या मुलाचं ते अंतर त्या दोन मिनिटांत दिसत नाही.